कार्य अज्ञात

बाई हजेरी घेताना आडनाव घ्यायच्या नाहीत. कॉलेजच्या छापील यादीत आधी आडनाव असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. बाई पहिल्या शब्दावर बोट ठेवून तो झाकायच्या आणि दुसरा वाचायच्या. वर्गात दोन पूजा होत्या. त्यांना त्या "खिडकीवाली पूजा" आणि "दारावाली पूजा" म्हणायच्या. जागांची अदलाबदल झाली की नावांचीही व्हायची.

वाशीमच्या त्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकाने मला एकच गोष्ट विचारली होती, "पूर्ण नाव सांग." पूर्ण नावात नेमकं काय हवं असतं हे मला बालवाडीपासून माहीत आहे. आडनाव कानावर पडलं की समोरच्या माणसाच्या डोक्यात एक खण उघडतो, मी त्यात टाकली जाते आणि खण बंद होतो. त्यानंतर मी काय बोलते, काय वाचते, गणित कसं सोडवते, हे बघायची त्याला गरज राहत नाही. बाईंनी मला नाव विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "काय वाचतं वो तू?"

मी म्हटलं, "पत्रकं."

"बरं हाय. खाली कोनाचं नाव असते?"

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. पण उत्तर खरं होतं. आमच्या घरात पत्रकांशिवाय वाचायला फारसं काही नव्हतं. बाबा चळवळीतले. वसतिगृह, गायरान, शिष्यवृत्ती, प्रत्येक प्रश्नावर पत्रक निघायचं आणि वाटून उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली यायचे. मागची कोरी बाजू ही माझी पहिली वही. माझं मराठी तिथून आलं आहे, उद्गारचिन्हांसकट.

बाई आमच्याकडे जैवतंत्रज्ञान शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली तर काही नाही आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज. बाकीच्यांना मुलं "मॅडम" म्हणायची. यांना नुसतं "बाई". उंच, वाळक्या, केस कापलेले, पायात पुरुषी सँडल. मंगरूळपीरहून रोज एसटीने यायच्या. परतताना गाडीवर पाटी असली तरी त्या कधी पाटीवर विश्वास ठेवायच्या नाहीत. दारातून वाकून ड्रायव्हरला विचारायच्या, "दादा, गाडी कुठी जाते?" ड्रायव्हर वैतागायचे. "पाटी दिसून नाई राह्यली का बाई?" त्यावर त्या म्हणायच्या, "पाटी दिसते. तुमी सांगा."

एकदा आम्ही चार-पाच मुली मंगरूळपीरच्या पाटीच्या गाडीत घाईने चढलो. बाई खाली उभ्या राहून विचारत होत्या. ड्रायव्हरने काहीतरी सांगितलं आणि त्या मागे सरकल्या. आम्हाला वाटलं, बाईंना जागा नको आहे. गाडी रिसोडच्या रस्त्याला लागली तेव्हा कंडक्टर हसायला लागला. पाटी सकाळच्या फेरीची होती, बदलायची राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात तो विषय काढलाच नाही. फक्त "सिक्वेन्स जुळवणी" हा धडा सुरू करताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रिसोड कसं वाटलं?"

हे मी पाहिलेलं सांगते आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं असं वेगळं करून सांगायची सवय त्यांनीच लावली. वर्गात कोणी काहीही म्हटलं की त्या विचारायच्या, "पाह्यलं का आयकलं?" उत्तर "ऐकलं" असेल तर पुढचा प्रश्न, "ज्यानं सांगतलं, त्यानं पाह्यलं का आयकलं?" असं मागे मागे जात त्या बहुतेक वेळा अशा माणसाशी पोहोचायच्या ज्याला कोणीच ओळखत नव्हतं. मग म्हणायच्या, "पाहा. सारं गाव एकमेकाच्या तोंडाकडं पाहून बोलून राह्यलं, आन मूळ जागी कोनीच नाई."

त्यांचं लग्न याच प्रश्नाने मोडलं असं म्हणतात. हे ऐकलेलं. मुलाचे काका म्हणाले, "पोरगा निर्व्यसनी हाय." बाई पोहे देता देता म्हणाल्या, "पाह्यलं का आयकलं?" काका बशी अर्धी ठेवून उठले. मी एकदा धीर करून बाईंना हे खरं का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "काका उठले हे खरं हाय. पोहे खारट होते, म्हून उठले का प्रश्नानं उठले, ते मले मालूम नाई."

स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या टेबलावर नावाची पाटी होती. प्रा. डॉ. अमुक, प्रा. तमुक. बाईंना टेबल मिळालं ते मोडक्या पंख्याखालचं, आणि तासिकावाल्यांना पाटी मिळत नाही. त्यांनी पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवली: "कार्य अज्ञात".

प्राचार्यांनी बोलावून विचारलं, हा काय पाचकळपणा. बाई म्हणाल्या, "सर, माझ्या विषयातली सगळ्यात इमानदार पाटी हाय ती."

तो विषय समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कुठल्याही जिवाचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा मजकूर, आज यंत्राने वाचता येतो. जगभरातून वाचलेले जीनोम मोठ्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा होतात. ते कोणालाही, अगदी वाशीमच्या सायबर कॅफेतूनही, फुकट उघडून पाहता येतात. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. ज्या देशात विहिरीचं पाणी सगळ्यांना खुलं नव्हतं, तिथल्या मुलीला जगातलं ज्ञान खुलं! मी बाबांना सांगितलं, यावर पत्रक काढा.

पण मजकूर वाचला म्हणजे अर्थ कळला असं नाही. एका जिवाणूत हजारो जनुकं. प्रत्येक जनुक काय काम करतं हे प्रयोगाने बघायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून हे काम सॉफ्टवेअर करतं. ते नवं जनुक जुन्या जनुकांशी ताडून बघतं आणि ज्याच्याशी जुळतं त्याची पाटी याच्या गळ्यात अडकवतं. बहुतेक वेळा पाटी बरोबर निघते, कधी निघत नाही. ज्याच्याशी ताडलं त्याला तरी पाटी कोणी लावली? पुष्कळदा आधीच्या मशीनने, त्याच्या आधीच्याशी ताडून. आणि जिथे कशाशीच जुळत नाही तिथे पाटी लागते, कार्य अज्ञात.

बाई पूर्वी हैदराबादला एका प्रकल्पात नेमकं याच्या उलटं काम करायच्या. जगभरातले शोधनिबंध वाचायचे, कोणत्या जनुकाचं काम कोणी प्रत्यक्ष प्रयोगात पाहिलं ते शोधायचं आणि पाटीच्या शेजारी तशी खूण करायची. हे पाहिलेलं, हे ताडलेलं. दिवसभरात दोन-चार जनुकं व्हायची. प्रकल्पाचं अनुदान संपलं आणि वरून कळवलं गेलं की हे काम आता आपोआप होतं. बाई मंगरूळपीरला आल्या. आई एकटी होती, हेही एक कारण.

मशीनबद्दल त्यांनी वाईट शब्द कधी काढला नाही. "मशीन गरीब हाय. ते म्हंते, 'सारखं दिसते'. मानूस त्यातलं 'सारखं दिसते' पुसते आन बाकीचं छापते."

हे पुसणं मी पाहिलं आहे.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पासाठी मी कामरगावहून माती आणली. तिथे माझी मावशी राहते. तिच्या तुरीच्या वावरातली माती. त्यातून एक जिवाणू मिळाला. विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं "सर" म्हणायचो, त्याचा जीनोम बाहेरच्या कंपनीकडून वाचून आणला. सॉफ्टवेअरने पाट्या लावल्या. एका जनुकावर लागली, "कीटकनाशकाचं विघटन करणारं विकर, संभाव्य". विकर म्हणजे एन्झाइम. सर स्वतःच्या नावाने तो जीनोम डेटाबेसमध्ये भरत होते आणि मी शेजारी उभी होते. त्यांनी "संभाव्य" या शब्दावर कर्सर नेला आणि तो खोडला.

मी म्हटलं, "सर, ते संभाव्य..."

"अगं, ते मशीन सगळ्यांनाच लावतं. उगाच शंका कशाला ठेवायची? दिसायला बरं दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात पेपरात मथळा होता: "वाशीमच्या मातीत विष खाणारा जिवाणू!" उद्गारचिन्हासकट. सरांना शाल मिळाली, नारळ मिळाला, मंचावर खुर्ची मिळाली.

बाईंनी मला विचारलं, "विष खाते हे कोनं पाह्यलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघी बघायला बसलो. काचेच्या बाटल्यांत जिवाणू वाढवायचा, त्यात फवारणीचं औषध टाकायचं. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. मग किती उरलं ते मोजायचं. जेवढं टाकलं तेवढंच निघालं. बाई म्हणाल्या, पुन्हा कर. पुन्हा केलं. दुसरं औषध घेतलं, तिसरं घेतलं. जिवाणू मजेत वाढत होता आणि विषाला हात लावत नव्हता. ते जनुक कोणत्या तरी दुसऱ्या कामाचं होतं. कोणत्या, ते आम्हाला सापडलं नाही. बाईंनी पुठ्ठ्यावरची पाटी उचलून बाटलीशेजारी ठेवली आणि बराच वेळ हसत राहिल्या. त्यांना इतकं आनंदी मी पुन्हा पाहिलं नाही.

सरांकडे आकडे घेऊन गेलो. सर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, जीनोममध्ये जनुक आहे. आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंद आहे. तुमच्या चार बाटल्यांवर विश्वास ठेवायचा की जगावर?"

"सर, जगाले तुमीच सांगतलं नं."

"हे बघा, आपली प्रयोगशाळा जुनी. उपकरणं जुनी. चूक तुमच्याकडूनही होऊ शकते."

"होऊ शकते," बाई लगेच म्हणाल्या. "म्हून म्हंतो, तुमीबी करून पाहा. तवर तो एक शब्द वापस टाका. 'संभाव्य'."

एवढीच मागणी होती. एक शब्द. मी मोर्चात वाढलेली मुलगी, मला ती मागणी फारच भित्री वाटली होती.

विभागाने जिवाणूचं द्रावण कॅनमध्ये भरून गावोगाव वाटायला सुरुवात केली. कॅनवर जिवाणूचं चित्र नव्हतं, सरांचा फोटो होता. उन्हाळ्यात कामरगावला प्रात्यक्षिक ठरलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढे मंडप, मंचावर सर आणि सरपंच, समोर एक निळा ड्रम. विभागातल्या सगळ्यांना हजर राहायची सक्ती होती म्हणून बाईही आल्या आणि आम्हा मुलींच्या ओळीत शेवटी बसल्या.

ड्रम मावशीचाच होता. आमच्या गावांमध्ये फवारणीचे ड्रम टाकून देत नाहीत. राखेने, साबणाने घासतात, पुन्हा पुन्हा विसळतात आणि उन्हाळा आला की त्यातच पाणी भरून ठेवतात. गुरांसाठी, कधी वावरातल्या मजुरांसाठीही. टँकर येतो तेव्हा ज्याच्याकडे ड्रम जास्त त्याची चंगळ. बाबांनी यावरही एकदा पत्रक काढलं होतं. लोकांनी ते वाचलं आणि ड्रम घासले.

सर म्हणाले, "या ड्रममध्ये फवारणीचं द्रावण होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या आठवड्यात आपण त्यात आपला जिवाणू सोडला. आता हे काय आहे? पाणी! शुद्ध पाणी!"

मावशी पहिल्याच ओळीत होती. ती उभी राहिली. "मंग सर, मी आता ह्याच्यात पियाचं पानी भरलं तं जमते?"

"का नाही? बिनधास्त भरा."

मावशीचा चेहरा उजळला. ती मागे वळून माझ्याकडे बघून हसली, तिच्या वावरातल्या मातीने केलेला चमत्कार म्हणून. मी उठणार इतक्यात बाई माझ्या पुढून गेल्या. मंचावरच्या तांब्यावर झाकलेला स्टीलचा गिलास त्यांनी उचलला, ड्रममध्ये बुडवून भरला, आणि सरांपुढे धरला.

"घ्या सर."

"हे काय?"

"पानी. तुमीच म्हंले."

मंडपात खसखस पिकली. सर हसले. "मॅडम, या गोष्टींना एक प्रोटोकॉल असतो."

"हा प्रोटोकॉल नाई सर, गिलास हाय."

मागून एक म्हातारा ओरडला, "घ्या नं सर, उन्हाचं बरं वाटन!"

सरांनी गिलासाकडे पाहिलं. मी बाईंच्या मागोमाग मंचापाशी आले होते, सरांपासून दोन हातांवर. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं त्यावरून मी आजही शपथेवर सांगेन की त्यांचाही विश्वास नव्हता. बाई म्हणाल्या असत्या, डोळ्यांतलं दिसत नसते, ते तू ताडलंस. असू दे.

सर म्हणाले, "आज माझा उपवास आहे."

"उपासाले पानी चालते सर!" चार-पाच जणांनी एकदम सांगितलं.

आता मंडप मोकळेपणाने हसत होता. सरांनी गिलास हातात घेतला, मान हलवली आणि टेबलावर ठेवला. बाई मावशीकडे वळल्या.

"पाह्यलं?"

मावशी गिलासाकडे बघत म्हणाली, "पाह्यलं बाई."

"मंग आता दुसऱ्यायले सांगजो."

मावशीने तो ड्रम त्याच संध्याकाळी कुऱ्हाडीने फोडला. तिचं बघून गल्लीतल्या बायांनीही फोडले. त्या उन्हाळ्यात कामरगावात पाण्याचे हाल झाले आणि बायांनी बाईंना शिव्याही दिल्या. पण त्या पाण्याने कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं लेकरू दवाखान्यात गेलं नाही. म्हणूनच बाईंचं नाव कुठेही आलं नाही. घडलं असतं तर बातमी झाली असती, चौकशी झाली असती. न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणताही डेटाबेस घेत नाही.

जूनमध्ये बाईंना तास मिळाले नाहीत. कारण तोंडी कळवलं गेलं, "वर्तन".

मी पेटले. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं आणि छापायच्या आधी त्यांना दाखवायला मंगरूळपीरला गेले. दर्ग्याच्या वाटेवर एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारावर तीच पुठ्ठ्याची पाटी ठोकलेली, "कार्य अज्ञात". शेजारची बाई मला म्हणाली, "त्या अज्ञात बाईकडं आली का तू?"

बाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं.

"'विभागप्रमुखांनी कॅनवाल्या कंपनीकडून मलिदा खाल्ला.' पाह्यलं का आयकलं?"

"सगळ्यांना माहीत आहे बाई."

खोडलं.

"'जातीय आकसातून बाईंना काढण्यात आले.' माही जात तुले मालूम हाय?"

"नाही. पण..."

खोडलं.

"'शेतकऱ्यांच्या जिवाशी खेळणारा नराधम.' नराधम?" त्यांनी पेन त्या शब्दावर टेकवलं. "सरांले दोन पोरी हायेत. मोठीले मीच शिकवलं." खोडलं.

शेवटी उरलं ते इतकंच: बाटल्यांत विष कमी झालं नाही. सरांनी एक शब्द खोडला. सर पाणी प्याले नाहीत.

मी ओरडले. "बाई, ते काहीही न बघता मथळे छापतात, शाली घेतात. आणि आपण बोलायचं तर प्रत्येक वाक्याला साक्षीदार हवा? असं कधीतरी जिंकता येतं का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यायच्यासारखं लिवशील तं मशीन तुले त्यायच्यातच टाकन. मंग मी काय सांगू, का ही येगळी हाय म्हून?"

मी पत्रक छापलं नाही. तीन ओळींचं पत्रक कोण वाचणार? बाबा म्हणाले होते, पत्रकाला धग लागते. मला आजही वाटतं की त्या दिवशी बाई चुकल्या. अन्याय करणाऱ्याला पुरावा लागत नाही, आणि पुरावा हातात असणारे एकेक शब्द तोलत बसतात. तोवर गाडी निघून जाते. हा राग मी सोडलेला नाही.

बाईंनी डेटाबेसला ईमेल लिहिली होती. बाटल्यांचे आकडे जोडले होते. उत्तर नम्र आलं: नोंद ज्यांनी दाखल केली त्यांनाच ती बदलता येते, कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा. मी संतापले. बाई म्हणाल्या, "नियम बरोबर हाय. कोनीबी येऊन दुसऱ्याची पाटी बदलली तं कसं चालन?"

आणि त्या संपर्क साधायला लागल्या. कामासाठी वाशीमला आल्या की कॉलेजवर जायच्या, सरांच्या दारात उभ्या राहायच्या. "सर, ती पाटी." सर म्हणायचे, "बघतो." मग सर बघेनासे झाले आणि शिपाई म्हणायला लागला, "सर मीटिंगमधी हायेत." बाई त्यालाही विचारायच्या, "पाह्यलं का सांगतलं?" तो बिचारा म्हणायचा, "सांगतलं, बाई." त्याला चहा पाजून त्या परत जायच्या. दहावीच्या शिकवण्या घ्यायच्या आणि पुन्हा यायच्या. लोक त्यांना येडी म्हणायला लागले. एका शब्दासाठी कोणी इतक्या चकरा मारतं का?

मी कारंज्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मधूनमधून डेटाबेस उघडून आमची नोंद बघायचे, आजारी माणसाचा ताप बघावा तशी. एक दिवस दिसलं की तीच पाटी आणखी काही जिवाणूंवर आहे. परदेशी प्रयोगशाळांनी कुठल्या कुठल्या मातीतून काढलेले जिवाणू. मशीनने त्यांची जनुकं ताडून पाहिली होती, जुळलेल्यांत सगळ्यात वर आमचं कामरगावचं जनुक होतं. "संभाव्य" नसलेलं. म्हणून त्यांच्या पाटीवरही "संभाव्य" नव्हतं.

मी फोन केला. बाईंना सगळं वाचून दाखवलं.

"आता काय करायचं, बाई?"

"आता सर खरे ठरले," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कडवटपणाने म्हणाल्या. पण तसंच झालं. सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी मुद्दाम गेले होते. सर माईकवर म्हणाले, "आपल्या जिवाणूवर काहींनी शंका घेतल्या. आज त्याच जनुकाची भावंडं परदेशातल्या जिवाणूंमध्ये सापडली आहेत, डेटाबेसमध्ये नोंदली गेली आहेत. याहून मोठा पुरावा कोणता?" टाळ्या झाल्या. सर स्वतःच्या सावलीला साक्षीला उभं करत होते आणि सभागृह त्या सावलीला टाळ्या देत होतं. मी उभी राहून ओरडले, "बाटली कोणी पाहिली?" माझ्या बाजूच्याने मला खाली बसवलं. कोणाला प्रश्नच कळला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. साधा ताप होता, अंगावर काढला. मला कळायला उशीर झाला. कळलं ते पेपरातून, आणि तो पेपर मी अजून फेकू शकलेले नाही. आतल्या पानावर छोटी बातमी होती. सेवाभावी अध्यापिका, मनमिळाऊ स्वभाव. आणि शेवटी: "वाशीमच्या मातीतील विष खाणाऱ्या जिवाणूच्या शोधात त्यांचा मोलाचा वाटा होता."

मनमिळाऊ! मी शाळेतून तशीच उठले आणि वाशीमच्या पेपरच्या कार्यालयात गेले. टेबलामागचा मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"ताई, हे कॉलेजकडून आलं. त्या त्याच विभागात होत्या न?"

"होत्या."

"मंग? आमाले वाटलं, विभागाचा शोध म्हंजे त्यायचाबी असन."

"दुरुस्ती छापा."

तो अवघडला. "आमी आपल्या मनानं नाई बदलू शकत, ताई. ज्यायनं बातमी देली, त्यायनं लेखी द्या लागते."

मी हसले. तो घाबरला असावा, त्याने पाण्याचा गिलास पुढे केला. मी तोही घेतला नाही.

मग मी ते पत्रक काढलं, तीनच ओळींचं. बाटल्यांत विष कमी झालं नाही, हे मी पाहिलं. सरांनी एक शब्द खोडला, हे मी पाहिलं. गावासमोर सर पाणी प्याले नाहीत, हे मी पाहिलं. वर बाईंचं नाव आणि त्याखाली "कार्य अज्ञात". एकही उद्गारचिन्ह नाही. बाबांनी हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "धग नाही यात." मी म्हटलं, "नाही." सगळ्यात खाली मी माझं पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. ज्याला खणात टाकायचं असेल त्याने टाकावं. पण हे कोणी पाहिलं ते त्याला कळलंच पाहिजे.

मंगरूळपीरच्या बसस्थानकावर वाटायला उभी राहिले. लोक घेत होते, चालता चालता घडी करत होते. शेंगदाणेवाल्याने तर माझ्यासमोरच त्याचा पुडा वळला. एक मास्तर वाचून म्हणाले, "हो हो, त्या जिवाणूवाल्या बाई. मोठं काम केलं त्यायनं." मी म्हटलं, "गुरुजी, त्यात नेमकं उलटं लिहिलंय." ते म्हणाले, "असन. पन पेपरात आलं होतं." आणि पत्रक खिशात घालून गेले.

संध्याकाळी एक गाडी फलाटाला लागली. ड्रायव्हर उतरून तोंड धूत होता. त्यालाही एक दिलं. त्याने ओल्या हाताने ते धरलं, बाईंच्या नावाशी थांबला, पण नावावरून त्याला ओळख पटली नाही. मी म्हटलं, "उंच होत्या. केस कापलेले. रोज वाशीमहून यायच्या."

"त्या?" तो म्हणाला. "पाटी असून इचारायच्या त्या?"

"त्याच."

"हे जिवाणूचं मले काई मालूम नाई. पन बाई गाडी इचारल्याबिगर चढत नव्हत्या, हे मी माह्या डोयानं पाह्यलं." त्याने पत्रक घडी न करता काचेपाशी, देवाच्या फोटोशेजारी खोचलं आणि वर चढला.

डेटाबेसमध्ये ती नोंद आज सकाळीही तशीच होती. भावंडं वाढली आहेत.

गाडीच्या कपाळावर वाशीमची पाटी होती आणि मला वाशीमलाच जायचं होतं. मी दारातून वाकून विचारलं, "दादा, गाडी कुठे जाते?"

"कारंज्याले," तो म्हणाला. "पाटी बदलाची राह्यली."